पोस्टलाही जावक क्रमांक द्या : सोलापूरच्या सरकारी खाती चालवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहर आणि जिल्ह्यातल्या सरकारी कार्यालयांची फेसबुक, एक्स, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप खाती सांभाळणारे सर्व अधिकारी, कर्मचारी आणि कंत्राटी ऑपरेटर

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दामच साहेबांना लिहिलेलं नाही. साहेबांच्या नावानं रोज निवेदनं येतात, त्यांवर शेरे पडतात आणि ती पुढच्या टेबलावर जातात. ज्यांच्याकडे पासवर्ड आहे त्यांना मात्र कुणी लिहीत नाही. आज सोलापुरातला माणूस सरकारचं तोंड पहिल्यांदा बघतो ते तुमच्या पोस्टमध्ये, म्हणून पत्र तुम्हाला.

मी पूर्व भागात आपले सरकार सेवा केंद्र चालवते. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, जातीचे दाखले, आधार-पॅन जोडणी, असली कामं. गिऱ्हाईक म्हणजे विडी वळणाऱ्या बायका, टॉवेल-चादरीच्या कारखान्यांतले कामगार, त्यांची शिकती पोरं. तुम्ही सकाळी टाकलेली पोस्ट दुपारपर्यंत कुणाच्या तरी तडा गेलेल्या मोबाइलवरून माझ्या टेबलावर येते आणि तिच्यासोबत एक प्रश्न येतो. तेलुगूत "इदि निजमेना?", कानडीत "खरे एनु?", मराठीत "ताई, खरं हाय का हे?" अफवेबद्दल असं विचारलं तर मला आनंदच होईल. पण हे विचारलं जातं तुमच्या पोस्टबद्दल. वर राजमुद्रा आहे, खाली साहेबांचा फोटो आहे, तरीसुद्धा.

त्याच टेबलावर शासन निर्णयाची झेरॉक्स ठेवली तर मात्र हा प्रश्न येत नाही. चार वेळा झेरॉक्स काढून अक्षरं पुसट झालेली असली तरी येत नाही. कारण त्या कागदावर क्रमांक असतो, दिनांक असतो, खाली कुणाची तरी सही आणि हुद्दा असतो. शिवाय शेवटी एक संकेतांक असतो. तो महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर टाकला की मूळ कागद समोर येतो. आणि चूक झाली तर सरकार तो कागद फाडून टाकत नाही, शुद्धिपत्रक काढतं. त्या शुद्धिपत्रकालाही क्रमांक असतो, दिनांक असतो. वर लिहिलेलं असतं की अमुक दिनांकाच्या निर्णयातल्या अमुक परिच्छेदात अमुकऐवजी तमुक वाचावे. सरकारी कागदाला लोक कितीही नावं ठेवोत, त्याची ही शिस्त फार जुनी आणि फार शहाणी आहे. तुमच्या हातात मोबाइल आला आणि नेमकी तीच गळून पडली, एवढंच माझं म्हणणं आहे.

लाडकी बहीण योजनेचंच घ्या. 2024 च्या जूनअखेरीस योजना आली. महिन्याला 1500 रुपये, वय 21 ते 65, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत. पुढं सप्टेंबर 2025 मध्ये ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, सक्तीची झाली. बाईच्या आधारसोबत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांकही मागितला गेला. मुदत आधी 18 नोव्हेंबरपर्यंत होती, ती नंतर 31 डिसेंबरपर्यंत वाढली. ही सगळी माहिती सरकारी होती, खरी होती आणि सोशल मीडियावर होतीही. तरी त्या चार महिन्यांत आमच्या भागात जो गोंधळ झाला तो अफवांनी कमी आणि सरकारी चित्रांनी जास्त केला.

चित्र म्हणजे तुम्ही ज्याला 'क्रिएटिव्ह' म्हणता ते. वरचा अर्धा भाग नेत्यांच्या फोटोंनी भरलेला. त्याखाली योजनेचं नाव, मग एक हसरी बाई, आणि सगळ्यांत खाली, साध्या मोबाइलवर दोन बोटांनी ताणूनही वाचता येणार नाही अशा अक्षरांत, शेवटची तारीख आणि संकेतस्थळाचा पत्ता. पत्ता चित्रात असल्यामुळे त्याला बोट लावून काही उघडत नाही. पत्ता हातानं टाइप करायचा. इंग्रजी अक्षरांची सवय नसलेली बाई तो टाइप करणार कशी? ती गूगलवर शोधते किंवा ग्रुपवर कुणीतरी टाकलेल्या निळ्या लिंकला बोट लावते. खोट्या संकेतस्थळांना आणखी काय हवं असतं? लबाडाची लिंक बोट लावली की उघडते आणि सरकारची उघडत नाही, असा हा उलटा न्याय.

त्याहून मोठी भानगड तारखेची. फेसबुकवर पोस्टच्या डोक्यावर तारीख दिसते, हे तुम्ही धरून चालता. पण तुमचं चित्र फेसबुकवर राहतच नाही. कुणीतरी ते मोबाइलमध्ये उतरवून घेतं, महिला बचत गटाच्या ग्रुपवर टाकतं, तिथून ते मोहोळला जातं, मोहोळहून परत शेळगीत येतं. या प्रवासात पोस्टवरची तारीख गळते, उरतं फक्त चित्र. मग डिसेंबरात एक बाई 18 नोव्हेंबरची मुदत लिहिलेलं चित्र घेऊन रडवेली होऊन येते, की मुदत गेली, माझे पैसे बंद. दुसरीकडे 31 डिसेंबरचं चित्र असतं. दोन्हींवर तीच राजमुद्रा, तेच फोटो. कुठलं आधीचं, कुठलं नंतरचं, हे चित्र सांगत नाही. ज्या बायकांना नवराही नाही आणि वडीलही नाहीत, त्या तर आठवडेच्या आठवडे "माझं काय?" एवढंच विचारत फिरत होत्या. तुमच्या पोस्टखाली त्यांनी तो प्रश्न शेकड्यांनी विचारलेला दिसत होता. मला दिसला तर तुम्हालाही दिसला असणार.

चित्रावरच्या फोटोंबद्दल एक बारीक गोष्ट सांगते, कारण ती बऱ्याच जणांना माहीत नसते. सरकारी जाहिरातींत कुणाचे फोटो असावेत यावर सर्वोच्च न्यायालयानं मे 2015 मध्ये बंधन घातलं होतं. फक्त राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश. मार्च 2016 मध्ये फेरविचार होऊन राज्यपाल, मुख्यमंत्री आणि मंत्र्यांनाही परवानगी मिळाली. मुळातला विचार असा होता की लोकांच्या पैशातून निघणारी जाहिरात कामाची माहिती देण्यासाठी असते, व्यक्तीची छबी उजळण्यासाठी नाही. ते प्रकरण छापील आणि टीव्हीवरच्या जाहिरातींच्या काळातलं. आज फेसबुकवरच्या पोस्टला जाहिरातीसारखं बिल येत नाही, म्हणून तिथं सगळं चालून जातं. माझं फोटोंशी वैर नाही. फोटो ठेवा, पण तारखेपेक्षा मोठा ठेवू नका.

आता थोडं वेगळं बोलते. आपल्या जिल्ह्यात सरकारी माहितीवर लोकांचा पूर्ण विश्वास असलेली एक गोष्ट आहे, ती म्हणजे भीमेवरच्या उजनी धरणाच्या पाण्याचा आकडा. पावसाळ्यात चहाच्या टपरीवरसुद्धा दौंडहून उजनीत येणारा विसर्ग किती, वीर धरणातून किती सोडलं, उजनी किती टक्के, हे लोकांना तोंडपाठ असतं. धरणाची एकूण क्षमता सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला जवळपास 63 टीएमसी मृतसाठा, वरचा सुमारे 53 टीएमसी उपयुक्त. हा हिशोब शाळेत न गेलेला शेतकरीही करून दाखवतो. आकडा येतो पाटबंधारे खात्याकडूनच, फिरतो व्हॉट्सअ‍ॅपवरच. त्यावर "खरं हाय का?" असं विचारणारा माणूस मी पाहिलेला नाही.

असं का होतं? त्यात चांगली बातमी आणि वाईट बातमी असा भेद नसतो, म्हणून. 2024 च्या उन्हाळ्यात उजनी उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेली, म्हणजे उपयुक्त पाणी संपून मृतसाठाही बराच खाली गेला. तो आकडा कुठल्याही सरकारला मिरवण्यासारखा नव्हता, तरी तो रोज तसाच आला. वर कुणाचा फोटो नाही, खाली आभार नाहीत. तारीख, वेळ, पातळी, साठा, टक्केवारी, आवक, विसर्ग. बाजारपेठेतला दुकानदार पिग्मीला रोज दहा-दहा रुपये टाकतो, तसा तो विश्वास रोज थोडाथोडा जमा झालेला आहे. म्हणून उजनीतून एक लाख क्युसेक सोडणार असं कळलं की भीमाकाठचा माणूस वाद घालत बसत नाही, पाण्याच्या मोटारी काढायला नदीवर धावतो.

सप्टेंबर 2025 मध्ये हे आणखी स्पष्ट झालं. त्या वेळी पाणी भीमेचं नव्हतं, सीना नदीचं होतं. करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर या पट्ट्यात सीनेनं गावंच्या गावं वेढली. लांबोटीजवळ पुणे महामार्ग बंद पडला. सीनेच्या पाण्याचा असा रोजचा आकडा लोकांच्या कानावर कधी पडलेला नव्हता. कुठल्या बंधाऱ्यातून किती सुटलं, ते आपल्या गावाला किती तासांनी पोहोचेल, याची सवयच नव्हती. तेव्हा सरकारी खात्यांवर सूचना येत होत्या, मदतीचे क्रमांकही येत होते. त्यांच्याशेजारीच मदतवाटपाचे आणि पाहणी दौऱ्यांचे फोटोही येत होते. छातीएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसानं त्या ढिगातून आपल्या कामाची ओळ शोधायची कशी? ज्यांनी त्या दिवसांत रात्र-रात्र जागून फोन उचलले त्यांना माझा नमस्कार. माझी तक्रार त्यांच्या कष्टांवर नाही. धोक्याची सूचना आणि दौऱ्याचा फोटो एकाच खात्यावर, एकाच रंगात येतात, यावर आहे.

आणि अफवेचं म्हणाल तर तिची किंमत सोलापूर जिल्ह्याइतकी कुणी मोजली असेल? 1 जुलै 2018. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर गावोगाव फिरत होते. आठवडी बाजाराच्या दिवशी भिक्षा मागायला गेलेल्या पाच जणांना जमावानं ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकलं. ते पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, त्यांतले बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच व्यक्तींना किंवा ग्रुपना संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. कंपनीनं तिच्या बाजूनं काहीतरी केलं. आपल्या बाजूचा प्रश्न मात्र तसाच आहे. अशा दुपारी पोलिसांनी "ही अफवा आहे" अशी पोस्ट टाकली, तर जमावातला एक तरी माणूस थांबून ती वाचेल का? वाचली तर मानेल का? हे त्या दुपारी ठरत नाही. आधीच्या वर्षभरात त्या खात्यावर त्यानं काय पाहिलं यावर ठरतं. वर्षभर वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि सत्कार पाहिले असतील तर त्यानं ते खातं बघणं केव्हाच बंद करून टाकलेलं असतं.

इथं तुमच्यातले काही जण म्हणतील की आम्ही 'फेक' असा लाल शिक्का मारून पोस्ट टाकतोच की. शिक्का मारा, पण नुसत्या शिक्क्यानं काम होत नाही. केंद्र सरकारनं 2023 मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती करून, आपल्या कारभाराबद्दलची कुठली माहिती खोटी हे ठरवण्याचा अधिकार आपल्याच तथ्य तपासणी कक्षाला द्यायचं ठरवलं होतं. मुंबई उच्च न्यायालयात त्यावर आधी दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली आणि सप्टेंबर 2024 मध्ये तिसऱ्या न्यायमूर्तींच्या मतानंतर ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरली. कायद्याचा कीस वकील पाडतील. मला त्यातून एवढंच कळलं की स्वतःबद्दलच्या गोष्टीत स्वतःच न्यायाधीश होता येत नाही. म्हणून शिक्क्याच्या खाली खरं काय ते लिहा आणि ते कुठं तपासायचं ते सांगा. "सदर वृत्त निराधार आहे" एवढ्यावर थांबलात तर वाचणारा म्हणतो, असणारच काहीतरी, म्हणून तर खुलासा करतायत.

करोनाच्या दिवसातली एक गोष्ट मी अजून धरून आहे. जून 2020 मध्ये शहरातले 40 मृत्यू आधीच्या नोंदीत आलेच नव्हते, रुग्णालयांनी ते वेळेवर कळवले नव्हते, असं महापालिकेनं जाहीर केलं. त्या दिवशी आमच्या भागात संताप झाला, होणारच होता. लोक आकडे लपवल्याबद्दल बोलत होते. पण त्यानंतर रोज संध्याकाळी येणारा तक्ता माझ्या ओळखीतले लोक जास्त लक्ष देऊन वाचू लागले, हेही मी पाहिलं. चुकलेला आकडा दुरुस्त होऊ शकतो हे एकदा दिसलं, की न चुकलेल्या आकड्यावरही विश्वास बसतो. याच्या उलट आज काय होतं? चुकीची पोस्ट गुपचूप काढली जाते. सकाळी 'शाळांना सुट्टी', दुपारी ती पोस्ट गायब, संध्याकाळी नवी पोस्ट. सकाळची पोस्ट ज्यांनी पाहिली त्यांना वेडं ठरवून तुम्ही मोकळे. ती मात्र ग्रुपवर फिरतच राहते, आणि तिला उत्तर द्यायला तुमच्याकडे काही उरत नाही, कारण तुमच्या लेखी ती कधी नव्हतीच.

पोस्टवरून कॉमेंटकडे येते. एका कार्यालयाच्या पानावर, नाव घेत नाही, मी खोदलेल्या रस्त्याबद्दल साध्या भाषेत विचारलं होतं की काम कधी संपणार आणि कंत्राटदाराचा फलक कुठं आहे. शिवी नाही, टोमणा नाही. दुसऱ्या दिवशी माझी कॉमेंट तिथं नव्हती. "खूप छान साहेब" असं लिहिलेल्या सगळ्या जागेवर होत्या. ते पान आता मी उघडत नाही. माझ्याकडे येणाऱ्यांना ते बघा असंही सांगत नाही.

अमेरिकेत याच गोष्टीवरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटला गेला. मिशिगन राज्यातल्या पोर्ट ह्युरॉन या छोट्या शहराचे व्यवस्थापक जेम्स फ्रीड आपल्या फेसबुक पानावर घरचे फोटो आणि शहराची माहिती एकत्र टाकत. केविन लिंडके नावाच्या नागरिकानं साथीच्या काळातल्या कारभारावर तिथं टीका केली. फ्रीड यांनी कॉमेंट काढल्या, पुढं त्याला ब्लॉकही केलं. मार्च 2024 मध्ये न्यायालयानं एकमतानं कसोटी घालून दिली. त्या अधिकाऱ्याला सरकारच्या वतीनं बोलण्याचा खराखुरा अधिकार होता का, आणि त्या पोस्टमध्ये तो तोच अधिकार वापरत असल्याचं दिसत होतं का? दोन्हींचं उत्तर हो असेल तरच ते सरकारी कृत्य. आणि सरकारी कृत्य म्हटलं की नागरिकाचं तोंड बंद करता येत नाही. त्यांची राज्यघटना वेगळी, आपली वेगळी. पण घरचं आणि कचेरीचं एकत्र कालवलं की काय होतं, ते सोलापुरातही रोज दिसतं. साहेब येतात, त्यांच्या हुद्द्यासह पान निघतं, जिल्ह्यातले हजारो लोक ते फॉलो करतात. साहेबांची बदली होते आणि पानाचं नाव बदलून ते नव्या जिल्ह्याला जातं. सोबत इथल्या लोकांच्या तक्रारी, दिलेली आश्वासनं, सगळं जातं. नवे साहेब शून्यापासून सुरुवात करतात.

हे टाळायला नवा कायदा लागत नाही. केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान विभागानं सरकारी कार्यालयांसाठी सोशल मीडियाची मार्गदर्शक चौकट 2012 मध्येच दिली होती. महाराष्ट्र शासनानं 28 जुलै 2025 च्या शासन निर्णयात अधिकारी-कर्मचाऱ्यांना वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवायला सांगितलं आणि योजनेच्या यशाबद्दल लिहिताना स्वतःची स्तुती होणार नाही हे बघायलाही सांगितलं. त्याच निर्णयात सरकारच्या धोरणावर टीका करू नका हेही आहे. तेवढं मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिलं! स्वस्तुतीचं कलम कुठल्या कार्यालयात वाचून दाखवलं गेलं असेल तर मला जरूर कळवा. गाडीतून उतरणाऱ्या साहेबांच्या संथ गतीच्या रील, मागं सिनेमाचं संगीत, या अजून बंद झालेल्या नाहीत. मुंबई पोलिसांनी 2015 च्या डिसेंबरात ट्विटरवर येऊन विनोदानं लोकांना जिंकलं, त्याची नक्कल बरेच जण करतात. त्यांचा विनोद हेल्मेट आणि सिग्नलबद्दल होता, साहेबांच्या चालण्याबद्दल नव्हता.

खरं खातं ओळखण्याची सोयही आता हातातून गेली आहे. पूर्वी निळी टीक बघून कळायचं. एप्रिल 2023 मध्ये ट्विटरनं, म्हणजे आताच्या एक्सनं, जुन्या निळ्या टिका काढून घेतल्या. आता पैसे भरले की कुणालाही मिळते. सरकारी खात्यांसाठी करडी टीक आहे, पण ती आमच्या गल्लीत किती जणांना माहीत असेल? फेसबुकवरही टीक विकत मिळते. व्हॉट्सअ‍ॅपवर 'पीएम किसान' किंवा 'आरटीओ चलन' नावाची एपीके फाइल, म्हणजे मोबाइलमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल, येते, राजमुद्रेसह येते, आणि उघडली की बँकेतले पैसे जातात. फेब्रुवारी 2025 मध्ये राज्य सरकारनं व्हॉट्सअ‍ॅपची मालक असलेल्या मेटा कंपनीसोबत 'आपले सरकार'च्या सेवा व्हॉट्सअ‍ॅपवर देण्याचं जाहीर केलं. चांगलं आहे. माझा धंदा थोडा कमी होईल, होऊ दे. पण सरकार व्हॉट्सअ‍ॅपवर बोलू लागलं की सरकारच्या नावानं व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणाराही जास्त खपतो, हे विसरू नका. कार्यालयाच्या दारावर, पाणीपट्टीच्या बिलावर, एसटी स्टँडवर, रेशन दुकानात आपली खरी खाती आणि खरे क्रमांक छापून लावा. मोबाइलवरच्या गोष्टीची खात्री मोबाइलबाहेर झाली पाहिजे.

भाषेचंही सांगून टाकते. माहिती अधिकार कायदा 2005 चं कलम 4 असं सांगतं की सरकारी माहिती न मागता द्यावी, आणि ती देताना स्थानिक भाषा आणि त्या भागात पोहोचण्याचं सगळ्यांत परिणामकारक साधन यांचा विचार करावा. आमच्या भागात परिणामकारक साधन म्हणजे तेलुगूतला एका मिनिटाचा आवाजी संदेश. विडी वळताना हात गुंतलेले असतात, कान मोकळे असतात. अक्कलकोटकडे कानडी, नई जिंदगीत उर्दू. पुढाऱ्यांना निवडणुकीत हे बरोबर सुचतं.

तुमची अडचण मला कळत नाही असं नाही. तुमच्यातले बरेच जण कंत्राटावर आहात, पगार महिनोन् महिने लांबतो. आढावा बैठकीत 'रीच' किती, 'लाइक' किती हे विचारलं जातं. किती प्रश्नांना उत्तर दिलं हे कुणी विचारत नाही. उत्तर द्यायचा अधिकारही तुम्हाला नसतो, फाइल वर जाते. आणि वरून आलेलं चित्र जसंच्या तसं टाकायचा हुकूम असतो. म्हणून तुमच्याकडे मोठं काही मागत नाही.

तुमच्या कार्यालयात आवक-जावक नोंदवही आहेच. सोशल मीडियासाठी तशीच एक वेगळी वही ठेवा. प्रत्येक पोस्टला जावक क्रमांक द्या आणि तो क्रमांक, तारीख आणि वेळ चित्राच्या आत, ठळक अक्षरांत छापा, म्हणजे चित्र कुठंही गेलं तरी त्याचं वय त्याच्यासोबत जाईल. मुदत असेल तर 'या तारखेनंतर हे चित्र ग्राह्य नाही' असं लिहा. मूळ आदेशाचा संकेतांक द्या. चुकलं तर काढू नका. त्याच पोस्टवर 'शुद्धिपत्रक' असं लिहा, नव्या क्रमांकासह, जुन्या क्रमांकाचा उल्लेख करून. खात्याला हुद्द्याचं नाव द्या, माणसाचं नको, आणि बदलीच्या दिवशी पासवर्ड पदभारासोबत लेखी हस्तांतरित करा. इशारा आणि समारंभ यांची खाती वेगळी करा. ते जमत नसेल तर इशाऱ्याचा रंग तरी वेगळा ठेवा आणि तो रंग सत्काराला वापरू नका. शिवीगाळ काढा, पण काय काढणार याचा नियम पानावर लावा आणि प्रश्न ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप चॅनेलवर तर लोकांना उत्तर लिहिताच येत नाही, नुसता अंगठा दाखवता येतो. तिथं प्रत्येक संदेशाखाली विचारायचा दूरध्वनी क्रमांक द्या, आणि तो उचला.

सगळं एकदम जमणार नाही. जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा येते. नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे दिवस, होम मैदानावरचा गड्डा म्हणजे यात्रेचा बाजार, बाळीवेस ते मंदिर परिसर बंद, वाहतूक वळवलेली. या सूचना लोकांना खरोखर लागतात, राजकारण त्यात नसतं, आणि त्या ऐन वेळी बदलतातही. तिथून सुरुवात करा. पहिल्या पोस्टवर 'जावक क्रमांक 1' घाला. रस्ता बदलला तर त्याखाली शुद्धिपत्रक. क्रमांकासह आलेली प्रत्येक सूचना मी माझ्या खर्चानं छापून केंद्राच्या दारावर लावीन, तेलुगू भाषांतरासह. बिनक्रमांकाची लावणार नाही.

कळावे,
आपली,
पूर्व भागातली एक सेवा केंद्रचालक, सोलापूर